लाकूड २८० चं, बैलगाडी ७०० ला. मग कारागिराच्या हाती उरलं किती?

उपनगरातल्या जत्रांत हाताने केलेली लाकडी खेळणी खपतात, पण हिशोब कुठे चुकतो? गावातल्या कारागिरांसाठी सविस्तर आकडेमोड

मुंबई उपनगर : बोरिवली घ्या, भांडुप घ्या, नाहीतर मुलुंड. थंडी पडली की उपनगरातल्या मैदानांत मालवणी जत्रांचे मंडप उभे राहतात. वडे-सागोती, खाजं, कोकम, काजू यांच्या रांगेत कुठेतरी एक स्टॉल लाकडी वस्तूंचा असतो. भोवरे, भातुकली, लाकडी फळं, पाट, चौरंग आणि मधोमध रंगवलेली बैलगाडी. लहान मुलं तिथेच थांबतात, मग आईवडीलही थांबतात. गाडी हातात घेतात, चाक फिरवून बघतात आणि विचारतात, "काका, कितीला?"

किंमत सांगितली की पुढचं बोलणं ठरलेलं. "ऑनलाइन तीनशेला मिळते." "लाकूडच तर आहे." आणि ओळखीचा सूर लावून, "गाववाल्याक तरी कमी कर." कारागीर हसतो, शंभर-दीडशे सोडतो आणि गाडी कागदात गुंडाळून देतो. रात्री गल्ला मोजताना नोटा बऱ्या दिसतात. गावी परत गेल्यावर लाकूडवाल्याचं आणि रंगवाल्याचं देणं भागवलं की हातात फारसं काही राहत नाही. पुढच्या वर्षी पोरगा म्हणतो, "मी नाही येत, मी गोव्याला कामाला जातो."

माल खपतो, पण घर चालत नाही. यामागे गिऱ्हाइकाचा कंजूसपणा थोडा आहे. मोठं कारण किंमत ठरवण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक कारागीर लाकडाचा भाव धरतात आणि हाताचा भाव धरायचाच विसरतात.

नाव मोठं, भाव जुना

लाकडी खेळणी म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव सावंतवाडीचं. तिथली चितारआळी याच कामासाठी ओळखली जाते. संस्थानच्या काळात या कलेला राजघराण्याचा आधार होता. गंजिफाचे पत्ते, रंगवलेले चौरंग, खरीखुरी वाटावीत अशी लाकडी फळं ही तिथली ओळख. पूर्वी हलका आणि कोरायला मऊ म्हणून पांगाऱ्याचं लाकूड जास्त वापरत. आता मिळेल तसं आंबा, शिवण आणि इतर लाकूड वापरतात.

या कामाची दखल सरकारी कागदांतही आहे. जीएसटीच्या हस्तकला वस्तूंच्या यादीत खेळण्यांच्या नोंदीत "सावंतवाडीची लाकडी खेळणी" असा स्पष्ट उल्लेख आहे. कर्नाटकातली चन्नपट्टणची खेळणी आणि तमिळनाडूतली तंजावरची बाहुली यांच्या सोबतीने. सावंतवाडीच्या लाकडी कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

नाव एवढं मोठं असूनही स्टॉलवरचा भाव मात्र "गेल्या वर्षी सहाशेला विकली, यंदा सातशे सांगू" असाच ठरतो. शेजारच्या स्टॉलवर काय भाव चाललाय ते बघून तिथल्या तिथे आकडा बदलतो. हा अंदाज कारागिराला किती महागात पडतो, ते एका बैलगाडीच्या उदाहरणाने बघू. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून हाच हिशोब करावा.

पहिली पायरी : लाकूड घनफुटात मोजा

लाकूड घनफुटाने विकलं जातं, म्हणून वस्तूलाही किती घनफूट लागलं ते काढायला हवं. रीत सोपी आहे. फळीची लांबी फुटात घ्या, रुंदी आणि जाडी इंचात घ्या. तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा.

दहा-बारा इंचाची बैलगाडी, दोन कोरलेले बैल आणि दोन चाकं, एवढ्याला ३ फूट लांब, ६ इंच रुंद आणि २ इंच जाड लाकूड लागलं असं धरू. तीन गुणिले सहा गुणिले दोन म्हणजे ३६. भागिले १४४ म्हणजे पाव घनफूट. घनफुटाचा भाव ८०० रुपये असेल तर लाकूड २०० रुपयांचं झालं.

इथे एक चूक नेहमी होते. तयार गाडी मोजून लाकूड धरलं जातं. कोरताना उडालेला भुसा, गाठ निघाली म्हणून टाकलेला तुकडा, चिरलेली फळी यांचेही पैसे दिलेले असतात. म्हणून तयार वस्तू मोजू नका, आणलेली फळी मोजा.

त्यात रंग, फेविकॉल, काचपेपर आणि खिळ्यांचे ६० रुपये, खोका आणि कागदाचे २० रुपये. सामान झालं २८० रुपयांचं. इथपर्यंतचा हिशोब बहुतेकांच्या डोक्यात असतो. गाडी ७०० ला गेली की "४२० सुटले" असं वाटतं ते यामुळेच.

दुसरी पायरी : घड्याळ लावून बसा

कापणं, कोरणं, घासणं, अस्तराचा हात, रंगाचे दोन हात, जोडणी. रंग वाळायचा वेळ सोडला तरी प्रत्यक्ष हात चालले ते सहा तास धरू. दिवसाचं काम आठ तासांचं आणि मजुरी ६०० रुपये धरली तर तासाला ७५ रुपये पडतात. सहा तासांचे ४५० झाले.

६०० ही मजुरी जास्त आहे का? गावात घराच्या कामाला सुतार बोलावून बघा, बहुतेक ठिकाणी तो याहून जास्तच मागेल. दाराची चौकट बसवणाऱ्या हाताला हा दर मिळतो, तर बैलाच्या वशिंडाचा उंचवटा कोरणाऱ्या हाताला त्याहून कमी का?

याशिवाय वीज, पटाशी आणि करवतीला धार, लेथची दुरुस्ती यांचे गाडीमागे ४० रुपये. दहात एखादी गाडी बिघडते किंवा प्रवासात बैलाचं शिंग मोडतं, त्याचे ३० रुपये.

सामान २८०, मजुरी ४५०, कारखान्याचा खर्च ४०, तूटफूट ३०. गाडी गावातून निघण्याआधीच ८०० रुपयांची झाली. स्टॉलवर ती ७०० ला जाते.

तिसरी पायरी : मुंबईचा खर्च

आता जत्रेला जायचं. समजा दहा दिवसांची जत्रा आहे आणि दोघं जण जाणार आहेत. तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडीहून दादरला यायचं, तर स्लीपरच्या एका तिकिटावर ४० किलोपर्यंतच सामान फुकट नेता येतं. स्टॉलभर माल त्यात बसत नाही, म्हणून टेम्पो करावा लागतो. दोघांच्या येण्याजाण्याचे २,०००, टेम्पोचे ४,०००, दहा दिवस राहण्या-खाण्याचे ६,००० आणि स्टॉलचं भाडं १५,००० धरू. रोख खर्च झाला २७,०००.

दोघं दहा दिवस स्टॉलवर उभे असतात, तेही कामच. त्या दिवसांत गावात पटाशी बंद असते. दोघांची दहा दिवसांची मजुरी १२,०००. म्हणजे जत्रेचा खरा खर्च ३९,००० रुपये.

दहा दिवसांत अशा दीडशे वस्तू विकल्या गेल्या तर प्रत्येक वस्तूवर २६० रुपये बसतात. शंभरच गेल्या तर ३९०. साठच गेल्या तर ६५०. वस्तू तीच, लाकूड तेच, पण कमी खपली की तिच्या अंगावरचा खर्च वाढत जातो.

दीडशे विकल्या गेल्या असं धरलं तरी गाडीचा पूर्ण खर्च ८०० अधिक २६० म्हणजे १,०६० रुपये. यात नफा एक रुपयाही नाही.

७०० ला विकली तर?

गाडीचे ७०० आले. त्यातून सामानाचे २८० आणि कारखाना-तूटफुटीचे ७० गेले, ३५० उरले. मुंबईच्या रोख खर्चाचे १८० गेले, उरले १७०. गाडी करायला सहा तास आणि ती विकायला स्टॉलवरचा साधारण एक तास, अशा सात तासांच्या कामाचे हे पैसे आहेत. आठ तासांचा दिवस धरला तर रोज पडतो २०० रुपयांच्या आतच.

रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये दर होता. म्हणजे वीस-वीस वर्षांचा हात असलेला माणूस मुंबईत जाऊन, दहा रात्री कुणाच्या तरी खोलीत अंग टाकून, माती उचलण्याच्या मजुरीपेक्षाही कमी कमावून येतो. आणि दीडशेऐवजी शंभरच वस्तू खपल्या, तर हाच रोज शंभराच्याही खाली जातो.

गल्ल्यात मात्र लाखभर रुपये दिसतात, म्हणून तोटा कळत नाही. तो कळतो तीन-चार वर्षांनी, पोरं धंद्यातून बाहेर पडल्यावर.

मग किंमत किती सांगायची?

१,०६० वर साधारण १८ टक्के धरले तर १,२५० रुपये होतात. नवी हत्यारं, पुढच्या वर्षीचं लाकूड, पावसाळ्यातले बंद दिवस हे सगळं याच वरच्या पैशांतून निघतं. त्यामुळे नफा घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

हा आकडा हातात असला की घासाघीस करणंही सोपं जातं. १,२५० वर दहा टक्के सोडले तर १,१२५ येतात, म्हणजे अजून ६५ रुपये सुटतात. पंधरा टक्के सोडले की जेमतेम खर्च निघतो. वीस टक्के सोडले तर १,०००, आणि प्रत्येक गाडीमागे साठ रुपये खिशातून जातात. कुठपर्यंत खाली यायचं ते गावातच ठरवून आलं तर "गाववाल्याक तरी कमी कर" म्हणणाऱ्यालाही हसत हसत उत्तर देता येतं. शेवटच्या दिवशी माल परत न्यायला नको म्हणून कुणी अर्ध्या भावात काढत असेल, तर त्याने निदान काय गमावतोय ते माहीत असून काढावं.

किंमत चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधावी, हाही अनुभवी विक्रेत्यांचा सल्ला. तोंडी सांगितलेल्या भावावर प्रत्येक जण घासाघीस करतो. लिहिलेल्या भावावर निम्मे लोक गप्प पैसे देतात.

"ऑनलाइन तीनशेला मिळते" याचं उत्तर

गिऱ्हाईक खोटं बोलत नाही. ऑनलाइन खरंच स्वस्त गाडी मिळते. फक्त ती बहुतेक वेळा एमडीएफची असते. लाकडाचा चुरा दाबून केलेली पाटी, यंत्राने कापलेली, छापील रंगाची. एका तासात यंत्र जेवढे तुकडे कापतं तेवढे हाताने आठवडाभरात होत नाहीत. त्या किमतीशी शर्यत लावली तर कारागीर हरणारच, कारण कमी करण्यासारखी त्याच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्वतःची मजुरी.

काही वर्षांपूर्वी खरी धास्ती चिनी खेळण्यांची होती. केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेलं. त्याने बाहेरचा माल अडला, पण देशातल्या यंत्रावरचा माल वाढला. हाताने काम करणाऱ्याची स्पर्धा आता जास्त करून त्याच्याशी आहे.

म्हणून स्टॉलवर फरक दाखवावा लागतो. एक बैल अर्धवट कोरलेला, एक घासलेला, एक रंगवलेला असे तीन बैल शेजारी मांडले की गिऱ्हाइकाला न सांगता कळतं. पोरगा स्टॉलवर बसून पटाशी चालवत असेल तर गर्दी आपोआप थांबते. कुठलं लाकूड, कुठलं गाव, किती तास, हे तीन शब्दांत चिठ्ठीवर लिहिता येतं.

आयएसआय शिक्का आणि ओळखपत्र

सुजाण पालक आता आणखी एक प्रश्न विचारतात, "आयएसआय आहे का?" १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला आहे. छोट्या कारागिराला तो परवडणारा नाही. म्हणून सरकारने सूट दिली आहे, पण ती सगळ्यांना नाही. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांना ती मिळते.

म्हणजे हस्तकला कारागिराचं ओळखपत्र, ज्याला पहचान कार्ड म्हणतात, ते नुसतं पाकिटात ठेवायचं कार्ड नाही. ते असेल तर हाताने केलेलं खेळणं कायद्याने बिनधास्त विकता येतं. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. मानांकन गावाच्या नावाला मिळालं म्हणून प्रत्येकाला आपोआप वापरता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. ही दोन्ही कागदपत्रं स्टॉलवर दिसतील अशी लावली तर १,२५० चा भाव सांगताना आवाज खाली येत नाही.

जीएसटी उतरला, मग भाव का नाही उतरला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या लाकडी खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लाकडी फर्निचर मात्र १८ टक्क्यांतच राहिलं. बातमी वाचलेलं गिऱ्हाईक विचारतं, "कर कमी झाला, मग किंमत कमी करा."

वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असलेल्या आणि राज्यातच माल विकणाऱ्या कारागिराला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याने आधीही कर लावलेला नव्हता, त्यामुळे आता कमी करण्याचा प्रश्न येत नाही. उलट तो जो रंग आणि फेविकॉल विकत आणतो त्यावर अजूनही १८ टक्के कर आहे, आणि नोंदणी नसल्याने तो परत मिळत नाही. गिऱ्हाइकाला हे दोन वाक्यांत समजावून सांगावं. गोव्यासारख्या दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत, ते आधी जाणकाराला विचारून घ्यावेत.

१,२५० ला कुणी घेतलीच नाही तर?

प्रश्न रास्त आहे. कागदावर किंमत बरोबर आली म्हणून गिऱ्हाईक देईलच असं नाही. अशा वेळी मजुरी कापण्याआधी दोन गोष्टी करून बघता येतात.

एक, वेळ कमी करणं. एकेक गाडी सुटी करण्याऐवजी वीस गाड्यांचा घाणा एकदम घ्यावा. फर्मा करून ठेवावा. सगळी चाकं एका दिवशी, सगळे बैल दुसऱ्या दिवशी, रंगाचा एक हात सगळ्यांना एकदम. सहा तासांचे चार तास झाले तर मजुरी ४५० वरून ३०० वर येते आणि तोच नफा धरून गाडी १,०७५ च्या आसपास विकता येते. कारागिराचा रोज कमी न होता किंमत पावणेदोनशेने उतरली.

दोन, स्टॉलवरचा माल बदलणं. लेथवरचा भोवरा दहा मिनिटांत होतो. सामान, मजुरी आणि किरकोळ खर्च मिळून २८ रुपये, त्यावर मुंबईच्या खर्चाचे २० धरले तरी ८० ला विकला की ३२ रुपये सुटतात. भोवरा, कीचेन, लहान वाटी-चमचा अशा वस्तू हातोहात जातात आणि स्टॉलचं भाडं काढून देतात. बैलगाडी गर्दी ओढते, भोवरा भाडं भरतो. चन्नपट्टणची खेळणी देशभर पोहोचली त्यात लेथवर पटापट होणाऱ्या छोट्या वस्तूंचा मोठा वाटा आहे.

उपनगरातल्या गिऱ्हाइकाचं घरही लक्षात घ्यावं. वन बीएचकेमध्ये दोन फुटी चौरंग ठेवायला जागा नसते. भिंतीला लावता येणारा छोटा देव्हारा किंवा घडी होणारा पाट तिथे जास्त चालतो. असा देव्हारा मापाने करून मागणारेही भेटतात. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्यावेत, माप आणि लाकूड व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावं आणि पोहोचवण्याचा खर्च वेगळा सांगावा. तोंडी ऑर्डरवर केलेला, उंचीला दोन इंच जास्त झालेला देव्हारा दुसरं कुणी घेत नाही.

दुकानदाराला कितीला द्यायची?

जत्रा संपताना अंधेरी-घाटकोपरचे एखादे दुकानदार येतात आणि म्हणतात, "वीस गाड्या द्या, पण भाव घाऊक लावा." घाबरून ५०० ला देणारे खूप. इथेही वरचा हिशोब कामाला येतो. दुकानातून विकलं तर मुंबईचा २६० चा खर्च वाचतो. दुकानदाराने ३५ टक्के ठेवले तर १,२५० च्या गाडीचे कारागिराला साधारण ८१२ मिळतात. गावातला खर्च ८०० निघाला आणि दहा दिवस उभं राहणं वाचलं. त्याहून कमी मागितलं तर नम्रपणे नाही म्हणावं. नफा थोडा असला तरी वर्षभर काम देणारा दुकानदार उपयोगाचा. मात्र माल "विकल्यावर पैसे" या बोलीवर देताना यादी आणि तारीख लिहून सही घ्यावी.

आणखी एक पथ्य पाळावं. दुकानात १,२५० ला असलेली गाडी स्टॉलवर ९०० ला विकू नये. तसं झालं की दुकानदार पुढच्या वेळी माल घेत नाही.

ऑनलाइन विकणाऱ्यांनाही हाच नियम. कंपनीचं कमिशन, पोहोचवण्याचा खर्च आणि परत आलेला माल हे तिन्ही मुंबईच्या खर्चाच्या जागी बसवून मग किंमत लावावी.

योजना आहेत, हिशोबाचा धडा नाही

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे दोघंही त्यात येतात. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचं कर्ज ५ टक्के व्याजाने, असा तिचा आराखडा आहे.

यातला ५०० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिकायला बसलेल्या कारागिराचा दिवस सरकार ५०० रुपयांचा धरतं आणि तोच कारागीर शिकून झाल्यावर स्टॉलवर स्वतःचा दिवस २०० ला विकतो. कर्जाचंही तसंच. ७०० ला गाडी विकणाऱ्याने एक लाखाचं कर्ज घेतलं तर तो तोटाच मोठ्या प्रमाणावर करेल. आधी किंमत सुधारायची, मग कर्ज घ्यायचं, हा क्रम चुकला की हप्ते अंगावर येतात.

बचत गटांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, रेल्वेने २०२२ पासून "एक स्थानक एक उत्पादन" योजनेत स्थानकांवर स्थानिक वस्तूंना जागा द्यायला सुरुवात केली. स्टॉलचं भाडं हा वरच्या हिशोबातला सगळ्यात मोठा रोख खर्च आहे, त्यामुळे अशी जागा मिळाली तर गाडीमागचे शंभर रुपये तिथेच वाचतात. जत्रा भरवणाऱ्या मंडळांनीही विचार करावा. वडापावच्या आणि लाकडी खेळण्यांच्या स्टॉलला एकच भाडं लावलं, तर काही वर्षांनी कोकणच्या नावाच्या जत्रेत कोकणातलं खाणं तेवढं उरेल.

निघण्याआधी एवढं करा

- एक वही घाला. प्रत्येक प्रकारच्या वस्तूला लाकूड किती घनफूट आणि वेळ किती तास, हे पाच नग करून लिहा.
- स्वतःची आणि घरच्यांची मजुरी धरा. रंग देणाऱ्या बायकोचे तास बहुतेक वह्यांत नसतात. ते आधी लिहा.
- जत्रेचा सगळा खर्च काढा आणि किती वस्तू खपतील याचा अंदाज कमीच धरून त्याला भागा.
- किंमत, आणि कुठपर्यंत उतरायचं तो आकडा, दोन्ही गावातच ठरवा. एकाच आळीतले चार-पाच कारागीर मिळून ठरवत असतील तर आणखी चांगलं. एकमेकांचा भाव पाडून कुणाचंच भलं होत नाही.
- पहचान कार्ड आणि मानांकनाच्या वापरकर्त्याची नोंद नसेल तर हंगामाआधी अर्ज करा.

हे सगळं केल्यावर एखादी वस्तू परवडतच नाही असंही दिसेल. तसं दिसलं तर ती करणं थांबवावं, किंवा फक्त ऑर्डरवर करावी. जी परवडते ती जास्त करावी. चितारआळीत आज पटाशी धरणाऱ्यांचं पुढच्या दहा वर्षांत काय होणार, ते त्यांच्या घरातली तरुण पोरं ठरवणार आहेत. वहीत दिवसाला दोनशे दिसले तर ती गोव्याची गाडी पकडतील. सहाशे दिसले तर त्यातला एखादा तरी कामाला बसेल.